जाहिराती दिसेनाशा झाल्या, कमाई पडली: तपासायचं कुठून?

वेबसाइट चालू आहे, वाचक येत आहेत, आणि तरी जाहिरातींची कमाई अचानक खाली येते. अशा साइट दुरुस्त करण्याचं काम मी बरीच वर्षं करत आहे. मूळ बिघाड बहुतेक वेळा लहान असतो. मोठं नुकसान होतं ते घाबरून केलेल्या दुरुस्तीमुळे. कोणी नवा प्लगइन टाकतो, कोणी सगळा कोड काढून पुन्हा लावतो, कोणी जाहिरातींच्या जागा दुप्पट करतो. एकाच संध्याकाळी तीन-चार बदल झाले की मूळ कारण शोधायची वाटच बंद होते. म्हणून सोप्या आणि फुकट तपासण्या आधी करा आणि एका वेळी एकच बदल करा. मी इथे गूगल अ‍ॅडसेन्स, म्हणजे साइटवर जाहिराती लावून पैसे देणारी गूगलची सेवा, धरून लिहितो आहे, कारण बहुतेकांकडे तेच असतं. दुसरं अ‍ॅड नेटवर्क असलं तरी पाहायचा क्रम हाच.

आधी लक्षणं ओळखा

- साइटवर कुठेच जाहिरात नाही. कोरी पट्टी आहे किंवा जागाच नाहीशी झाली आहे.
- संगणकावर जाहिरात दिसते, मोबाइलवर नाही. किंवा उलट.
- काही ठरावीक पानांवरच जाहिरात येत नाही.
- जाहिराती दिसतात, पेज व्ह्यू तेवढेच आहेत, पण कमाई निम्म्यावर आली आहे.
- महिनाभर दिसलेली अंदाजे कमाई महिना संपल्यावर कापून आली.
- खात्यात एखादी सूचना अडकून पडली आहे आणि ती कोणी वाचलेली नाही.

मालकाच्या तोंडी या सगळ्यांसाठी एकच वाक्य असतं: "जाहिराती बंद पडल्या." पण चौथ्या आणि पाचव्या लक्षणाचा कोडशी बहुधा काही संबंध नसतो, आणि शेवटचं तर साइट न उघडताच सुटू शकतं. आपलं लक्षण कोणतं हे एका ओळीत लिहून ठेवा. पुढे कोणाला मदत मागायची वेळ आली तर त्याला सर्वांत आधी हीच ओळ लागेल.

कोणता आकडा पडला?

ही तपासणी फुकट आहे, पंधरा-वीस मिनिटांची आहे, आणि बहुतेक जण हीच टाळतात. कमाई ही एक साखळी आहे. वाचक पान उघडतो, पान जाहिरातीची मागणी करतं, त्या मागणीला जाहिरात मिळते किंवा मिळत नाही, मिळालेली जाहिरात वाचकाच्या नजरेपर्यंत पोचते किंवा पोचत नाही, आणि मग जाहिरातदाराने लावलेला भाव ठरतो. अ‍ॅडसेन्सच्या रिपोर्टमध्ये या प्रत्येक कडीचा आकडा आहे: पेज व्ह्यू, अ‍ॅड रिक्वेस्ट, कव्हरेज, अ‍ॅक्टिव्ह व्ह्यू, आणि शेवटी आरपीएम. पेज आरपीएम म्हणजे अंदाजे कमाईला पेज व्ह्यूंनी भागून १००० ने गुणलेली रक्कम, म्हणजेच हजार पानांमागे काय मिळालं ते.

पेज व्ह्यू पडले आणि आरपीएम जागेवर असेल, तर जाहिरातींना काहीही झालेलं नाही. तुमचे वाचक कमी झाले आहेत. अशा वेळी सर्च कन्सोल, म्हणजे गूगल शोधातून किती वाचक येतात ते दाखवणारं गूगलचं साधन, उघडा, कोणत्या पानांचे क्लिक कमी झाले ते बघा, आणि हा लेख इथेच थांबवा. जाहिरातीचा कोड हलवून वाचक परत येत नाहीत.

पेज व्ह्यू तेवढेच पण कव्हरेज कोसळलं, तर मागणी जाते आहे आणि जाहिरात मिळत नाही: खात्यावरची मर्यादा, धोरणभंग, ads.txt नावाच्या, म्हणजे अ‍ॅड्स डॉट टीएक्सटी, फाइलमधला घोळ, किंवा वाचकाच्या डेटा-वापराच्या संमतीचा प्रश्न. अ‍ॅड रिक्वेस्टच कमी झाल्या असतील तर कोड पानावर चालत नाही. आणि सगळं जागेवर असून फक्त भाव उतरला असेल, तर आधी दिनदर्शिका पाहा. वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत जाहिरातदार सढळ हाताने खर्च करतात आणि जानेवारीत हात आखडतात. डिसेंबरशी जानेवारी ताडून कोणी "बिघाड" शोधू लागला, तर तो शोध संपायचा नाही.

तुलना करताना दोन पथ्यं पाळा. आजचा दिवस धरू नका, कारण आजचे आकडे अजून जमा होत असतात. आणि सोमवारची तुलना सोमवारशीच करा. रविवारचा वाचक आणि सोमवारचा वाचक वेगळे वागतात. जुन्या वर्षांशी प्रति क्लिक भाव ताडायचा असेल तर हेही लक्षात असू द्या की अ‍ॅडसेन्सने २०२४ च्या सुरुवातीपासून प्रकाशकांना मुख्यतः इंप्रेशनवर, म्हणजे जाहिरात किती वेळा दाखवली गेली त्यावर, पैसे द्यायला सुरुवात केली. त्याआधीचं आणि नंतरचं गणित एकसारखं नाही.

यानंतर तोच रिपोर्ट तीन प्रकारे फोडा: उपकरणानुसार, देशानुसार, पानानुसार. माझ्या मते सगळ्या तपासणीचं मर्म यात आहे. फक्त मोबाइलची कमाई पडली असेल तर थीम किंवा मांडणी बदलली आहे. फक्त युरोपातली पडली असेल तर संमतीची खिडकी. ठरावीक पानंच पडली असतील तर त्या पानांवर धोरणाची कारवाई आहे. सगळीकडे एकदम पडली असेल तर खातं, ads.txt किंवा सगळ्या साइटला लागू असलेला कोड.

शेवटी आलेखाचा आकार पाहा. एका रात्रीत उभी घसरण झाली असेल तर त्या दिवशी कोणीतरी काहीतरी बदललं आहे: प्लगइनचं अपडेट, नवी थीम, होस्टिंगचं स्थलांतर. हळूहळू उतरती रेघ असेल तर कारण वाचकसंख्येत किंवा भावात आहे. ती तारीख टिपून ठेवा.

दुसऱ्या फोनवरून पाहा

आपल्याच ब्राउझरमध्ये अ‍ॅड ब्लॉकर चालू असणं हे "जाहिराती दिसत नाहीत" या तक्रारीचं सर्वांत साधं कारण आहे. कधी तो फोनच्या प्रायव्हेट डीएनएसमध्ये बसलेला असतो, कधी व्हीपीएनमध्ये, कधी घरच्या राउटरवर, त्यामुळे एक्स्टेन्शन काढूनही फरक पडत नाही. वायफाय बंद करा, मोबाइल डेटावर दुसऱ्या कोणाच्या तरी फोनमध्ये इनकॉग्निटो खिडकी उघडा आणि दोन-तीन पानं बघा. जाहिरात दिसली तर तुमची साइट ठीक आहे.

बघा, पण स्वतःच्या जाहिरातीवर क्लिक करू नका. "चालते का ते पाहू" म्हणूनसुद्धा नको, घरच्यांना सांगूनही नको. असे क्लिक अवैध धरले जातात आणि त्याची शिक्षा खात्याला होते. जाहिरातीची जागा नुकतीच तयार केली असेल तर तासभर थांबा. नव्या जागेवर सुरुवातीला कोरी पट्टी दिसणं नेहमीचंच आहे.

खात्यातल्या सूचना आणि जुने ईमेल वाचा

अ‍ॅडसेन्सचं मुखपृष्ठ, पॉलिसी सेंटर, साइट्सचं पान आणि पेमेंटचं पान, ही चारही उघडा. नोंदणीचा ईमेल पत्ता रोज वापरात नसेल तर त्याची स्पॅम पेटीही चाळा.

यात एक कारण हमखास निसटतं: पत्त्याची पडताळणी. कमाई ठरावीक रकमेला पोचली की गूगल टपालाने पिन पाठवतं. पहिला पिन तयार झाल्यापासून ४ महिन्यांत तो भरला नाही तर साइटवरच्या जाहिराती थांबवल्या जातात. माणूस कोडमध्ये डोकं घालून बसतो आणि बंद पाकीट कुठल्या तरी खणात पडलेलं असतं.

साइट्सच्या पानावर तुमच्या साइटसमोर "तयार" असा शेरा आहे ना, ते पाहा. डोमेन बदललं असेल तर नवं डोमेन तिथे जोडून मंजूर करून घ्यावं लागतं; जुन्याची मंजुरी नव्याला लागू होत नाही. पॉलिसी सेंटरमध्ये एखाद्या पानाविरुद्ध नोंद असेल तर ते पान नीट करा किंवा त्यावरचा जाहिरातीचा कोड काढा, आणि मगच पुनर्तपासणी मागा. दुरुस्ती न करता "एकदा बघू" म्हणून विनंती पाठवू नका. उत्तराला साधारण आठवडा लागतो, कधी जास्त, आणि तो वेळ फुकट जातो.

ads.txt

ही साधी मजकुराची फाइल आहे. ऑनलाइन जाहिरातींची तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या आयएबी टेक लॅब या संस्थेने २०१७ मध्ये हा प्रघात आणला, कारण भामटे दुसऱ्याच्या साइटचं नाव लावून जाहिरातीची जागा विकत होते. "माझ्या साइटवरची जागा विकायचा अधिकार यांना आहे" असं डोमेनचा मालक या फाइलमध्ये जाहीर करतो, आणि खरेदीदार बोली लावण्याआधी ती वाचतो.

ब्राउझरमध्ये तुमच्या मूळ डोमेनपुढे तिरकी रेघ देऊन फाइलचं नाव टाइप करा. कोरा मजकूर दिसला पाहिजे. ४०४ आलं, मुखपृष्ठ उघडलं किंवा सजवलेलं पान आलं तर फाइल जागेवर नाही. गूगलच्या ओळीत स्वल्पविरामाने तोडलेले चार भाग असतात: गूगलचं डोमेन, तुमचा प्रकाशक क्रमांक, डायरेक्ट हा शब्द, आणि गूगलचा ठरलेला ओळख-क्रमांक. प्रकाशक क्रमांकाचे १६ अंक खात्यातल्या क्रमांकाशी एकेक करून जुळवा. शक्यतो खात्यातूनच ओळ कॉपी करा, हाताने लिहू नका.

इथे एक बारकावा आहे. फाइलच नसेल तर खरेदीदाराला पडताळणी करता येत नाही, एवढंच. पण फाइल आहे आणि तिच्यात तुमचा क्रमांक नाही, तर ती फाइल स्वतःच सांगते की तुम्ही अधिकृत विक्रेते नाही. दुसऱ्या नेटवर्कने "ही फाइल चढवा" म्हणून दिली आणि तिने जुनी ओळ पुसली, असं वारंवार घडतं. साइट सबडोमेनवर असली तरी खरेदीदार आधी मूळ डोमेनवर पाहतो, हेही विसरू नका. दुरुस्तीनंतर खात्यातला शेरा बदलायला काही दिवस लागतात आणि फार कमी वाचक असलेल्या साइटला महिनाभरही लागू शकतो. तेवढ्यात फाइल पुन्हा पुन्हा बदलू नका.

पानात क्रमांक कोणाचा आहे?

एका मिनिटाची तपासणी, पण हिच्यातून कधी कधी चोरी उघड होते. पानाचा सोर्स उघडा आणि प्रकाशक क्रमांक शोधा. जितक्या ठिकाणी सापडेल तितक्या ठिकाणी तो तुमचाच असला पाहिजे. फुकट मिळालेल्या चोरट्या थीम आणि प्लगइनमध्ये दुसऱ्याचा क्रमांक घुसवलेला असतो. जाहिराती झकास दिसतात, पैसे भलत्याच खात्यात जातात. अनोळखी क्रमांक दिसला तर पुढचं सगळं सोडा आणि शेवटच्या भागाकडे जा.

कॅशे, "वेग वाढवणारे" प्लगइन आणि शून्य रुंदी

इथून पुढे साइटला हात लावायचा आहे. आधी बॅकअप घ्या.

पान लवकर उघडावं म्हणून लावलेले प्लगइन जावास्क्रिप्ट उशिरा चालवतात, अनेक फाइली एकत्र करतात किंवा वाचकाने बोट हलवेपर्यंत काहीच चालू देत नाहीत. त्यात अ‍ॅडसेन्सची स्क्रिप्ट सापडली की मागणी उशिरा जाते किंवा जातच नाही, आणि वाचक तोवर पान बंद करून गेलेला असतो. रिपोर्टमध्ये हे ओळखता येतं: पेज व्ह्यू तेवढेच, अ‍ॅड रिक्वेस्ट कमी. अशा प्लगइनच्या वगळण्याच्या यादीत जाहिरातीची स्क्रिप्ट टाका, सगळे कॅशे रिकामे करा, सीडीएन (साइटच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवणारी सेवा) असेल तर तिथलाही, आणि एक दिवस थांबा.

तरी जमलं नाही तर पानावर उजवं क्लिक करून इन्स्पेक्ट उघडा आणि जाहिरातीचा घटक शोधा. तीन शक्यता आहेत. घटकच नसेल तर थीम किंवा प्लगइनने कोड काढून टाकला आहे. घटक आहे पण त्यावर कसलाही शेरा नाही, म्हणजे स्क्रिप्ट चालली नाही; कन्सोलमध्ये लाल ओळी असतील त्या वाचा. घटकावर "अनफिल्ड" असा शेरा असेल तर कोड बरोबर चालला, समोरून जाहिरात आली नाही. या तिसऱ्या प्रकारात कोड बदलून काहीही साधत नाही; कारण वरच्या किंवा खालच्या तपासण्यांमध्ये आहे.

फक्त मोबाइलवर कोरी जागा असेल तर कन्सोलमध्ये उपलब्ध रुंदी ० असल्याचा संदेश बहुधा सापडतो. जाहिरात ज्या चौकटीत ठेवली ती त्या क्षणी मिटलेली असते: बंद टॅब, घडी घातलेला मेनू, रुंदी न दिलेला फ्लेक्स रकाना. चौकटीला रुंदी द्या किंवा जाहिरात उघड्या जागी हलवा. त्याच वेळी चौकटीला किमान उंचीही द्या, म्हणजे जाहिरात आल्यावर मजकूर खाली ढकलला जाणार नाही. गूगलच्या मापात मांडणी हलण्याचा सीएलएस आकडा ०.१ पर्यंत चांगला धरला जातो, आणि वाचकाचं बोट चुकून जाहिरातीवर पडणंही त्यामुळे टळतं.

युरोपातली कमाई गेली असेल तर

१६ जानेवारी २०२४ पासून युरोपीय आर्थिक क्षेत्र आणि ब्रिटनमधल्या वाचकांना व्यक्तिगत पसंतीवर बेतलेल्या जाहिराती दाखवायच्या असतील तर गूगलने प्रमाणित केलेली संमती-व्यवस्था लागते. त्याच वर्षी ३१ जुलैपासून स्वित्झर्लंडसाठीही. हाताने बनवलेली "कुकीज मान्य आहेत का" ही पट्टी यात चालत नाही. अ‍ॅडसेन्सच्या खात्यात स्वतःची संमती-खिडकी फुकट मिळते. लहान साइटला ती पुरते. दोन वेगवेगळ्या संमती-खिडक्या एकाच वेळी ठेवू नका, त्या एकमेकींचं उत्तर पुसतात.

जाहिराती आहेत, भाव नाही

खात्यात ब्लॉक केलेल्या श्रेणी आणि जाहिरातदारांची यादी पाहा. कधीकाळी रागाने पन्नास डोमेन अडवली असतील तर लिलावात बोली लावणारे तेवढे कमी झाले. खरोखर नको असलेल्या श्रेणी अडवा, बाकीच्या सोडा.

मग क्रॉलर. पानाचा विषय कळावा म्हणून गूगलचा मीडियापार्टनर्स नावाचा क्रॉलर, म्हणजे पानं आपोआप वाचणारा प्रोग्राम, येतो. अशा प्रोग्रामसाठी नियम लिहिलेल्या रोबोट्स फाइलमधला सर्वांसाठीचा नियम तो पाळत नाही, त्याच्या नावाने लिहिलेला मात्र पाळतो. फायरवॉल त्याला अडवत असेल किंवा मजकूर लॉगइनमागे असेल तर विषय न कळताच जाहिराती येतात आणि भाव उतरतो.

आणि जागा. जाहिरातीचा निम्मा भाग सलग एक सेकंद पडद्यावर दिसला तरच ती "पाहण्याजोगी" मोजली जाते. तळटिपेखाली पुरलेल्या चार जाहिरातींपेक्षा मजकुरातली एक जास्त देते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. कमाई पडली की जाहिराती वाढवायच्या, हा मोह आवरा. मोबाइलवर मुख्य मजकुराच्या उंचीच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त जागा जाहिरातींनी व्यापली तर ते त्रासदायक जाहिरातींविरुद्धच्या "बेटर अ‍ॅड्स" मानकात बसत नाही, आणि फेब्रुवारी २०१८ पासून क्रोम अशा सतत नियम मोडणाऱ्या साइटवरच्या सगळ्याच जाहिराती गाळू शकतो. सर्च कन्सोलचा जाहिरात-अनुभव अहवाल एकदा पाहून घ्या.

मर्यादा लागली असेल किंवा कमाई कापली गेली असेल

खात्यावर जाहिराती दाखवण्याची मर्यादा लागली असेल तर बटण दाबून ती उठत नाही. गूगल तुमचे वाचक खरे आहेत का ते तपासत असतं. हे साधारण ३० दिवसांच्या आत संपतं, पण लांबूही शकतं. त्या काळात करायचं एकच काम आहे: वाचक कुठून येतात ते शोधा. विकत घेतलेलं ट्रॅफिक, "तू माझं पान उघड, मी तुझं" अशा मंडळ्या, आपोआप भेटी देणारी साधनं, यातलं काहीही असेल तर आजच बंद करा. काहीच केलं नसेल तर अ‍ॅनालिटिक्समध्ये एकाच शहरातून किंवा एकाच स्रोतातून आलेला, शून्य सेकंद थांबलेला लोंढा शोधा आणि तो फायरवॉलवर अडवा. लेख लिहीत राहा. कोड काढून परत लावू नका.

अंदाजे आणि अंतिम कमाईतला थोडा फरक नेहमीचा आहे, कारण अवैध क्लिक महिन्याच्या शेवटी वजा होतात. फरक दर महिन्याला वाढत असेल तर मात्र तीच मर्यादेची पूर्वसूचना समजा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

साइट हॅक झाल्याची शंका असेल, म्हणजे अनोळखी प्रकाशक क्रमांक, ads.txt मध्ये तुम्ही न घातलेल्या ओळी, मोबाइलवरून आलेला वाचक भलत्याच साइटवर फेकला जाणं, तर स्वतः फाइली पुसत बसू नका. आधी पासवर्ड बदला, साइटची आहे तशी प्रत घ्या, आणि सुरक्षेचं काम करणाऱ्या माणसाकडे द्या. दिसणारी फाइल पुसली तरी मागचं दार उघडंच राहतं आणि आठवड्याभरात सगळं परत येतं.

कन्सोलमध्ये कंटेंट सिक्युरिटी पॉलिसीने, म्हणजे पानावर कुठल्या स्क्रिप्ट चालू द्यायच्या ते ठरवणाऱ्या सेटिंगने, स्क्रिप्ट अडवल्याची ओळ दिसली आणि ही सेटिंग कुठे असते हे ठाऊक नसेल, तर होस्टिंगच्या किंवा सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाकडे जा. ती सेटिंग अंदाजाने सैल केली तर जाहिराती येतील, पण साइटचं कुंपणही पडेल. परदेशी वाचकांच्या संमतीचा कायदेशीर प्रश्न वकिलाला विचारा, आलेल्या पैशावरच्या कराचा कर सल्लागाराला.

खातंच बंद झालं असेल तर बाहेरचा कोणीही तंत्रज्ञ ते उघडू शकत नाही. अपील गूगलच्याच अर्जातून, तुम्हीच करायचं. "आमची आत ओळख आहे, पैसे द्या, खातं सुरू करून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका आणि लॉगइन तर मुळीच देऊ नका. दुसऱ्याच्या नावाने नवं खातं काढून तोच कोड लावणंही टाळा. तेही बंद होतं, आणि ज्याच्या नावाने काढलं तोही अडकतो. अपिलात ट्रॅफिकचे स्रोत, शंकास्पद भेटींच्या तारखा आणि तुम्ही नेमकं काय बंद केलं ते मोजक्या शब्दांत लिहा. जाणकाराकडे जातानाही हीच कागदपत्रं बरोबर ठेवा: सुरुवातीला लिहिलेली लक्षणाची ओळ, घसरणीची तारीख, उपकरण-देश-पानानुसार फोडलेला रिपोर्ट, आणि त्या तारखेच्या आसपास साइटवर झालेल्या बदलांची यादी.